वाचकांचे प्रश्न : पाच मिनिटांत दुप्पट होणारा गॅमा भडका

मागच्या अंकात एक छोटी चौकट छापली होती. १६ जून २०१५ ला फर्मी या अवकाश दुर्बिणीने ३सी २७९ नावाच्या गॅलेक्सीत गॅमा किरणांचा (एक्स-रेपेक्षाही जास्त एनर्जीच्या उजेडाचा) एक जबरदस्त भडका पाहिला, त्यात तेज पाच मिनिटांच्या आत दुप्पट होत होतं, आणि ही गॅलेक्सी आपल्यापासून सुमारे ५०० कोटी प्रकाशवर्षं लांब आहे, एवढाच मजकूर होता. त्यावर खूप पत्रं आली आणि बऱ्याच जणांना एकच गोष्ट खटकली होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : गॅलेक्सी लाखभर प्रकाशवर्षं रुंद असते असं आम्ही शिकलो. मग एवढी मोठी वस्तू पाच मिनिटांत दुप्पट कशी उजळेल? आकडा छापताना काही गडबड झाली का?

आकडा बरोबर आहे, आणि तुमची शंका अगदी मुद्द्याची आहे.

उजळते ती सगळी गॅलेक्सी नाही. गॅलेक्सीच्या पार मध्यात एक महाकाय ब्लॅक होल असतं, लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वजनाचं. काही गॅलेक्सींमध्ये त्याच्यात भरपूर वायू पडत असतो आणि पडता पडता, गरगर फिरता फिरता तो इतका तापतो की त्या एवढ्याशा जागेचा उजेड आख्ख्या गॅलेक्सीतल्या ताऱ्यांना भारी पडतो. ह्यांना ऍक्टिव्ह गॅलेक्सी म्हणतात. त्यातल्या साधारण दहातल्या एकीत आणखी एक प्रकार दिसतो, ब्लॅक होलच्या दोन बाजूंना पदार्थाचे दोन अरुंद झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकले जातात, ह्यांना जेट म्हणतात. एम८७ या गॅलेक्सीचा जेट तर साध्या प्रकाशातल्या फोटोतही दिसतो, सुमारे ५,००० प्रकाशवर्षं लांब. आपण ज्या भडक्याबद्दल बोलतोय तो या जेटमध्ये होतो, तोही त्याच्या एखाद्या छोट्या तुकड्यात.

आता तो तुकडा केवढा हे कसं कळलं ते सांगतो, कारण या सगळ्या विषयात मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. समजा एका अफाट मैदानात माणसं उभी आहेत आणि सगळ्यांनी ठरवून एकाच क्षणी मोबाइलचा टॉर्च लावला. तुम्ही मैदानाच्या एका कडेला असाल तर जवळच्यांचा उजेड तुमच्याकडे आधी येणार आणि पलीकडच्या कडेचा नंतर, म्हणजे सगळ्यांनी एकदम लावूनसुद्धा तुम्हाला उजेड हळूहळू वाढताना दिसणार, आणि मैदान जेवढं मोठं तेवढा जास्त वेळ त्याला लागणार. मैदानापुरता हा फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी असतो म्हणून जाणवत नाही, पण अवकाशातली अंतरं घेतली की तो मिनिटांत, तासांत, वर्षांत जातो. हेच उलटं लावायचं. पाच मिनिटांत तेज दुप्पट झालं म्हणजे चमकणारी जागा पाच प्रकाशमिनिटांपेक्षा फार मोठी असू शकत नाही. पाच प्रकाशमिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर, पृथ्वीपासून सूर्य आहे १५ कोटींवर. म्हणजे ५०० कोटी प्रकाशवर्षांवरची, सूर्य-पृथ्वी अंतरापेक्षा लहान जागा! जगातली कुठलीही गॅमा दुर्बीण तिचा फोटो काढू शकत नाही, तिचा आकार फक्त घड्याळाने मोजता येतो.

आणि खरी पंचाईत इथेच सुरू होते. ३सी २७९ मधलं ब्लॅक होल ढोबळमानाने ५० कोटी सूर्यांएवढं धरलं तर त्याची त्रिज्याच १५० कोटी किलोमीटर येते. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला ऐंशीहून जास्त मिनिटं लागतात. जेट निघतो या ब्लॅक होलच्या आसपासून, आणि भडका मात्र ब्लॅक होलपेक्षा कितीतरी लहान जागेतला दिसतोय. हे कसं जमतं ते पुढच्या प्रश्नात बघू.

प्रश्न : मग तिथे काहीतरी प्रकाशापेक्षा जास्त वेगाने घडतंय असं म्हणायचं का?

नाही. पण तसं वाटावं असं मात्र घडतं, आणि त्याला कारण आहे जेटची दिशा.

ज्या ऍक्टिव्ह गॅलेक्सीचा जेट जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला असतो तिला ब्लेझार म्हणतात. ३सी २७९ तशीच आहे. आता जेटमधला एक गोळा प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने आपल्याकडे येतोय असं धरा. त्याने एक झलक सोडली, मग त्या गॅलेक्सीच्या घड्याळाने १०० मिनिटांनी दुसरी सोडली. पण या १०० मिनिटांत तो गोळा स्वतःच्याच पहिल्या झलकेच्या मागे धावत ९९.५ प्रकाशमिनिटं पुढे आलेला असतो, म्हणजे दुसरी झलक आपल्याला पहिलीनंतर फक्त अर्ध्या मिनिटाने मिळते. १०० मिनिटांचं अर्धं मिनिट! त्यातून सापेक्षतेच्या नियमाने त्या गोळ्याचं स्वतःचं घड्याळ या वेगाला दहा पट हळू चालतं, म्हणून त्याच्या लेखी तिथे १० मिनिटंच गेलेली असतात. तर त्याची १० मिनिटं म्हणजे आपली ३० सेकंद, वीस पट आखडलेली. (विश्व प्रसरण पावतंय म्हणून ३सी २७९ च्या बाबतीत वेळ उलट दीड पट ताणलाही जातो, पण वीस पटीपुढे तो किरकोळ आहे.)

नुसता वेळच आखडत नाही, उजेडही पुढच्या दिशेला एकवटतो आणि हजारो पट, कधी लाख पटीच्या वर वाढलेला दिसतो. तो जेट आपल्याकडे पाच-सहा अंशांच्या आत रोखलेला असेल तरच हे सगळं चांगलं दिसतं. म्हणजे एक ब्लेझार दिसला की तसल्याच शंभर-दोनशे गॅलेक्सी दुसरीकडे तोंड करून असणार हे समजून चालायचं. याच ३सी २७९ मध्ये १९७१ साली रेडिओ दुर्बिणींनी जेटमधले ठिपके प्रकाशाहून वेगाने सरकताना पाहिले होते, आणि तो भासही याच कारणाने होता.

आता परत पाच मिनिटांकडे येऊ. वीस पटीची सूट दिली की जागा शंभरएक कोटी किलोमीटरची होते, म्हणजे ब्लॅक होलच्या त्रिज्येच्या जवळपास. सुटलं कोडं असं वाटतं, पण सुटलेलं नाही. कारण ब्लॅक होलच्या अगदी जवळ इतका उजेड गच्च भरलेला असतो की तिथून निघालेले जास्त एनर्जीचे गॅमा किरण त्या उजेडालाच आपटून संपून जातील, आपल्यापर्यंत येणारच नाहीत. म्हणजे भडका थोडा लांब, जेटमध्ये पुढे कुठेतरी व्हायला हवा. पण पुढे जावं तसा जेट रुंद होत जातो आणि मग परत जागा लहान कशी हा प्रश्न उभा राहतो. ३सी २७९ च्या त्या भडक्यासाठी जेटचा वेग मी वर धरला त्याहूनही बराच जास्त धरावा लागतो, किंवा मग असं म्हणावं लागतं की रुंद जेटच्या पोटात छोटे छोटे उप-जेट सुटतात, चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना. सूर्यावरच्या सौरज्वाळांमध्ये रेषा अशाच तुटतात आणि जुळतात. मला स्वतःला हा दुसरा मार्ग जास्त पटतो, पण यावर अजून जोरात वाद चालू आहेत आणि ते असायलाच हवेत.

प्रश्न : गॅमा किरण तयार नेमके कशाने होतात? तिथे अणुस्फोटासारखं काही होतं का?

अणुस्फोट नाही. जेटमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं आणि त्यात प्रचंड वेगाचे इलेक्ट्रॉन गिरक्या घेत असतात, त्या गिरक्यांमधून रेडिओपासून साध्या प्रकाशापर्यंत, काही ब्लेझारमध्ये तर एक्स-रेपर्यंतचा उजेड निघतो. मग तेच इलेक्ट्रॉन आसपासच्या साध्या उजेडाच्या कणांना म्हणजे फोटॉनना धडकतात आणि स्वतःची एनर्जी त्यांना देऊन टाकतात. धडक खाल्लेला फोटॉन गॅमा होऊन बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांना दिसणारा फोटॉन दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे एनर्जी मोजायचं एकक) असतो, फर्मीची मुख्य दुर्बीण पकडते ते २ कोटीपासून ३०,००० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही पुढचे.

इलेक्ट्रॉनना एवढा वेग कोण देतं हा त्यापुढचा प्रश्न. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आयएक्सपीई नावाची एक्स-रे दुर्बीण वर गेली, तिने मार्कारियन ५०१ या ब्लेझारच्या एक्स-रेचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरींची कंपनं किती प्रमाणात एकाच दिशेला आहेत ते, मोजलं आणि ते साध्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या दुप्पट निघालं. यावरून तिथे तरी जेटमधली शॉक वेव्ह, म्हणजे वेगवान पदार्थ पुढच्या हळू पदार्थावर आदळून उठणारी लाट, हे काम करते असं दिसतं, कारण शॉकजवळ ताजे, सगळ्यात वेगवान इलेक्ट्रॉन शिस्तशीर चुंबकीय क्षेत्रात असतात, म्हणून त्यांच्या एक्स-रेचं ध्रुवीकरण जास्त, आणि लांब गेल्यावर सगळं विस्कटत जातं. म्हणजे एका ब्लेझारमध्ये शॉक, दुसऱ्यात चुंबकीय रेषांची तोडजोड, असंही असू शकतं. सगळ्यांना एकच कारण लावायचा हट्ट मला तरी बरोबर वाटत नाही.

प्रश्न : गॅमा किरण आरशातून आरपार जातात म्हणे, मग दुर्बीण त्यांना पकडते कशी?

बरोबर, इथे आरसाही नाही आणि भिंगही नाही. फर्मी ११ जून २००८ ला वर गेली, आणि तिच्या मुख्य उपकरणात टंगस्टनचे पातळ पत्रे आणि सिलिकॉनच्या पट्ट्या एकाआड एक थर लावून ठेवल्यात. गॅमा किरण टंगस्टनमध्ये शिरला की तो स्वतः संपतो आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन (धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन) अशी जोडी तयार होते, सिलिकॉन त्या जोडीचा माग ठेवतं, खालचे सीझियम आयोडाइडचे ठोकळे एनर्जी मोजतात. मागावरून किरण कुठून आला ते मागे मोजत जायचं. वरून एक कवच असतं ते विद्युतभार असलेल्या वैश्विक कणांची वर्दी देतं, कारण असे कण गॅमापेक्षा कितीतरी जास्त संख्येने येऊन आदळत असतात.

फर्मीची खरी ताकद म्हणजे तिची नजर. एका वेळी आकाशाचा जवळजवळ पाचवा भाग ती बघते आणि दोन प्रदक्षिणांत, म्हणजे सुमारे तीन तासांत, सगळं आकाश पालथं घालते. भडका कधी कुठे होईल हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे जी दुर्बीण सतत सगळीकडे बघत नाही तिला तो बहुतेक वेळा चुकणारच. आधीच्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट या उपकरणाने १९९१ साली ३सी २७९ चा गॅमा भडका पाहिला आणि तिथून या विषयाला खरी सुरुवात झाली, पण एग्रेट आकाशाचा एक तुकडा आठवडा-दोन आठवडे बघायचं आणि मग दुसरीकडे वळायचं, मधलं सगळं हुकायचं. आता फर्मीच्या यादीत ७,००० हून जास्त गॅमा स्रोत आहेत आणि त्यात निम्म्याहून जास्त ब्लेझार आहेत.

मर्यादाही सांगून टाकतो. १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एकेका फोटॉनची दिशा काही अंशांनी चुकू शकते, त्यामुळे भरपूर फोटॉन जमवूनच जागा नक्की करावी लागते. आणि फोटॉन असतात तरी किती, एखादा बेताचा ब्लेझार शांत असताना दिवसभरात बोटावर मोजण्याइतके. जास्त एनर्जीचे तर इतके विरळ की त्यासाठी जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणी लागतात, गॅमा किरण वातावरणात शिरला की हवेत उमटणारी क्षणभराची निळी चमक टिपणाऱ्या. नामिबियातली हेस, ला पाल्मा बेटावरची मॅजिक, अ‍ॅरिझोनातली व्हेरिटास, लडाखमध्ये हान्लेला बसवलेली २१ मीटरची मेस. हेसने २००६ च्या जुलैमध्ये पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे मिनिटांत बदलणारे भडके पाहिले होते, म्हणजे ३सी २७९ च्या आधी नऊ वर्षं हीच पंचाईत एकदा समोर आली होती.

प्रश्न : असा भडका आपल्या दिशेने आला तर पृथ्वीला धोका आहे का?

जो दिसला तो आलेलाच आहे, आणि काही झालेलं नाही. आपलं वातावरण गॅमा किरणांपुढे दहा मीटर जाडीच्या पाण्याएवढं काम करतं, आणि एवढ्या लांबून येता येता किरण फार विरळ झालेले असतात. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ३सी ४५४.३ भडकला तेव्हा काही दिवस गॅमा आकाशातला सगळ्यात तेजस्वी कायमस्वरूपी स्रोत तो होता, आपल्याच आकाशगंगेतल्या व्हेला पल्सार या गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यालाही त्याने कितीतरी मागे टाकलं होतं, आणि ते ७०० कोटी प्रकाशवर्षांवरून. तेव्हाही जमिनीवर कुणाला काही जाणवलं नाही.

प्रश्न : गॅमा-रे बर्स्ट आणि हा भडका एकच का?

नाही. बर्स्ट म्हणजे एखादा मोठा तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हाचा प्रकार, सेकंदाच्या छोट्या भागापासून काही मिनिटांपर्यंत आणि खेळ संपला, त्या जागी परत कधी होत नाही. ब्लेझार पुन्हा पुन्हा भडकतो. जेट मात्र दोन्हीकडे असतो.

प्रश्न : न्यूट्रिनो आणि ब्लेझारचा संबंध सापडला असं वाचलं होतं. ते खरं ठरलं का?

२२ सप्टेंबर २०१७ ला दक्षिण ध्रुवाच्या बर्फात गाडलेल्या आइसक्यूब डिटेक्टरला एक न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेला आणि पदार्थातून जवळपास आरपार जाणारा सूक्ष्म कण, मिळाला, सुमारे २९० लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. मिनिटभराच्या आत जगभर सूचना गेली, आणि त्या दिशेला बघितलं तर टीएक्सएस ०५०६+०५६ नावाचा ब्लेझार फर्मीत आधीपासूनच भडकलेला होता. नंतर मॅजिकलाही त्याचे जास्त एनर्जीचे गॅमा किरण मिळाले. हे महत्त्वाचं अशासाठी की नुसत्या इलेक्ट्रॉनपासून असे न्यूट्रिनो होत नाहीत, त्याला प्रोटॉन लागतात. म्हणजे जेटमध्ये प्रोटॉनही तेवढ्याच जोरात पळवले जातात, निदान त्या ब्लेझारमध्ये तरी.

पण पुढची गोष्ट बातम्यांमध्ये फारशी आली नाही. आइसक्यूबने जुना डेटा उघडून बघितला तेव्हा २०१४ च्या शेवटापासून २०१५ च्या सुरुवातीपर्यंत त्याच दिशेने आणखी डझनभर जास्तीचे न्यूट्रिनो आलेले दिसले, आणि तेव्हा गॅमामध्ये कसलाही भडका नव्हता! गॅमा वाढला की न्यूट्रिनो वाढणार एवढा सरळ हिशोब नाही हे त्यावरून उघड झालं. कदाचित न्यूट्रिनो जिथे तयार होतात ती जागा इतकी दाट असते की गॅमा तिथेच अडकतात. म्हणून "सापडला" हा शब्द मी एका ब्लेझारपुरता, तोही जपून वापरेन.

प्रश्न : पुढचा भडका कधी होणार हे आधी सांगता येतं का?

आज तरी नाही. पीजी १५५३+११३ नावाचा एक ब्लेझार दर सव्वादोन वर्षांच्या आसपास कमी-जास्त होताना दिसतो, कदाचित तिथे दोन ब्लॅक होल एकमेकांभोवती फिरत असतील, पण ब्लेझार मुळातच इतके अनियमित असतात की थोड्याच फेऱ्यांवरून ठेका आहे म्हणणं घाईचं होईल. आणि काही वेळा भडका म्हणजे तिथे नवीन काही पेटलंय असंही नसतं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सीटीए १०२ हा ब्लेझार साध्या प्रकाशातही सहा मॅग्निट्यूडहून जास्त, म्हणजे अडीचशे पटीच्या वर उजळला होता, त्याचा अभ्यास करणाऱ्या एका गटाचं म्हणणं असं की त्याचा वाकडातिकडा जेट फिरता फिरता त्याचा एक भाग आपल्याकडे आणखी नेमका रोखला गेला, बस्स. दिशा जराशी बदलली की तेज किती बदलतं हे वर बघितलंच आहे. तेव्हा तो हौशी लोकांच्या दुर्बिणीत दिसण्याइतका तेजस्वी झाला होता, ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड.

प्रश्न : मी अकरावीत आहे. हा डेटा आमच्यासारख्यांना बघायला मिळतो का?

मिळतो, आणि जरूर बघ. फर्मीचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, पैसे लागत नाहीत आणि परवानगीही लागत नाही. दीड हजारांहून जास्त स्रोतांचे तयार लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचे आलेख, नासाच्या फर्मी साइटवर ठेवलेत. सुरुवात ३सी ४५४.३ पासून कर, २०१० च्या नोव्हेंबरचा सुळका शोधावा लागत नाही, समोरच दिसतो. मग ३सी २७९ उघड आणि जून २०१५ बघ. आधी आठवड्याचे ठिपके घे, मग तीन दिवसांचे, आणि तोच भडका दोन्हीत किती वेगळा दिसतो ते बघ, कारण आठवड्याच्या सरासरीत पाच मिनिटांचं काहीच उरत नाही. प्रत्येक ठिपक्याला उभी रेघ असते ती मोजमापातली अनिश्चितता, ती लांब असेल तर त्या ठिपक्यावरून लगेच काही ठरवू नकोस. खाली तोंड केलेला बाण दिसला तर त्या काळात स्रोत पकडण्याइतके फोटॉन मिळाले नाहीत, तेज त्या बाणाच्या खालीच कुठेतरी असणार एवढाच त्याचा अर्थ. २०१८ च्या मार्चनंतरच्या ठिपक्यांमध्ये काही ठिकाणी अंतर वेगळं वाटेल, कारण फर्मीचं एक सोलर पॅनेल फिरायचं थांबलं आणि आकाश बघायची पद्धत बदलावी लागली, तो ब्लेझारचा गुण नाही. एखादा स्रोत आवडला तर त्याच्या साध्या प्रकाशातल्या नोंदी हौशी निरीक्षकांच्या संस्थांकडे मिळतात, दोन्ही आलेख एकाखाली एक ठेव आणि कुठला आधी चढतो ते तपास. नेमकं हेच काम करून लोक रिसर्च पेपर लिहितात.